वाचक विचारतात : पुस्तकाची पीडीएफ फुटली, आता काय?

गेल्या अंकात आम्ही पुस्तकं, अभिवाचनं आणि फोटो यांच्या फुकट फिरणाऱ्या फायलींबद्दल प्रश्न मागवले होते. नाशिक शहर, सिन्नर, निफाड, ओझर इथून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं प्रकाशन, डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) आणि वकिली या तीन क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

आमचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक बाजारात येऊन तीन आठवडे झाले. कॉलेज रोडवरच्या एका अभ्यासिकेत मुलांच्या मोबाइलवर त्याची अख्खी पीडीएफ आहे. टेलिग्राम चॅनलवरून आली म्हणतात. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?
— प्रकाशक, गंगापूर रोड

चॅनलवर जाऊन ॲडमिनशी भांडू नका. तो लगेच चॅनल खासगी करतो किंवा त्याचं नाव बदलतो, आणि तुमच्या हातात पुरावा राहत नाही. आधी गुपचूप नोंद घ्या. चॅनलचं नाव, त्याचा ॲट-चिन्हाने सुरू होणारा पत्ता, सदस्यसंख्या, फाइलचं नाव, तिचा आकार आणि पोस्टची तारीख-वेळ एका स्क्रीनशॉटमध्ये येईल असं बघा. मग त्या पोस्टवर बोट दाबून धरा आणि 'कॉपी लिंक' घ्या. ही लिंक 'टी डॉट मी', त्यापुढे चॅनलचं नाव आणि शेवटी एक आकडा अशी असते. तो शेवटचा आकडा म्हणजे त्या पोस्टचा क्रमांक, आणि तक्रारीत तोच लागतो. नुसतं 'अमुक चॅनलवर आमचं पुस्तक आहे' असं कळवलं तर तक्रार पडून राहते. चॅनलच्या डोक्यावर पिन केलेला संदेशही टिपून ठेवा. 'हे चॅनल उडालं तर इथे या' असा राखीव चॅनलचा पत्ता बहुधा तिथेच दिलेला असतो.

फाइल उतरवून घ्या आणि तिचं नाव न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तिचा एसएचए-२५६ हॅशही, म्हणजे त्या फाइलपुरता आकड्या-अक्षरांचा ठसाही, काढून ठेवा. संगणकावर एका आज्ञेत निघतो, आणि पुढे कोर्टात जायची वेळ आली तर ती फाइल तीच आहे हे त्यावरून दाखवता येतं.

आता तक्रार. टेलिग्रामला ईमेल करायचा तो 'डीएमसीए ॲट टेलिग्राम डॉट ऑर्ग' या पत्त्यावर. त्यात पुस्तकाचं नाव, आयएसबीएन, मालकी कोणाची आणि कशामुळे, मूळ पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा व श्रेयपानाचा फोटो, प्रत्येक पोस्टची स्वतंत्र लिंक, तुमचं पूर्ण नाव-पत्ता, 'ही माहिती खरी आहे, मी हक्कधारक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी आहे' हे विधान आणि शेवटी सही एवढं असावं. इंग्रजीत लिहा, एका पानात संपवा. कायद्याचं व्याख्यान नको. आपल्याकडच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने २४ तासांत पोच द्यावी लागते. म्हणून त्यालाही तोच मजकूर पाठवा.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. ॲपमधलं 'रिपोर्ट' बटण दाबलं की काम झालं असं वाटतं, पण ती कॉपीराइटची रीतसर तक्रार होत नाही. दुसरं म्हणजे टेलिग्राम फक्त जाहीर चॅनल आणि बॉट (आपोआप चालणारी खाती) यांच्याबद्दलच्या तक्रारी बघतं. सदस्यांपुरत्या असलेल्या गटातली देवाणघेवाण खासगी समजली जाते आणि तिथे ते हात घालत नाहीत. व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. संदेश कूटबद्ध असल्याने गटात फिरणारी फाइल कंपनीला दिसतच नाही. तिथे ॲडमिनला शांतपणे कळवणं हाच मार्ग, आणि शिक्षकांच्या किंवा अभ्यासिकेच्या गटात तो बऱ्याचदा चालतो.

क्रम महत्त्वाचा आहे. चॅनलवर थेट फाइल आहे की गूगल ड्राइव्हची लिंक, ते आधी बघा. ड्राइव्हची लिंक असेल तर तक्रार ड्राइव्हवर करा. पाच चॅनलांनी तीच लिंक दिली असेल तर एका फटक्यात पाचही निकामी होतात. थेट फाइल असेल तर मात्र प्रत्येक फॉरवर्ड स्वतंत्र असतो. मूळ पोस्ट उडाली तरी बाकीच्या राहतात आणि प्रत्येकीसाठी वेगळी लिंक द्यावी लागते. गूगलच्या शोधातून लिंक काढून घेण्याचा फॉर्म वेगळा आहे, त्याने फाइल जात नाही, फक्त शोधात दिसेनाशी होते. तरीही तो भरा. नव्या माणसाला फाइल सापडते ती शोधातूनच.

पुढचे काही आठवडे दर दोन दिवसांनी शोध घ्या. पुस्तकाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतल्या तीन-चार स्पेलिंगांनी टाका, कारण फायलींची नावं बहुतेक रोमनमध्ये असतात. पुस्तकातलं एखादं वाक्य टाकून शोधलं तर मराठीत फारसं हाती लागत नाही. स्कॅन केलेली पानं म्हणजे नुसती चित्रं. आणि जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये लावलेली पीडीएफ यंत्राला अगम्य अक्षरांची रांग म्हणूनच वाचता येते.

कथासंग्रहाची पीडीएफ फुटली. आम्हाला छापखान्याचा संशय आहे, ते नाही म्हणतात. कसं ओळखायचं?
— लेखक-प्रकाशक, सातपूर

फाइलच सांगते. कोणावर बोट ठेवण्याआधी ती मोठ्या स्क्रीनवर उघडा.

पानांच्या चारही कोपऱ्यांत कटिंग मार्क, म्हणजे कागद कापायच्या खुणा, असतील, कडेला रंगांच्या चौकोनी पट्ट्या असतील, मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकाच आडव्या पानावर असेल, तर ती छपाईला दिलेली फाइल आहे. पानं जराशी तिरकी, मधल्या शिवणीकडे अक्षरं वाकलेली, काठाला अंगठ्याची सावली असेल, तर कोणीतरी विकत घेतलेली प्रत मोबाइलने स्कॅन केली आहे. अक्षरं स्वच्छ, पण पानांची मांडणी आणि पृष्ठक्रमांक छापील पुस्तकाशी जुळत नसतील, तर ती ई-बुकवरून काढलेली आहे. आणि सगळं छापील पुस्तकासारखंच, पण कटिंग मार्क नाहीत, मुद्रितशोधनात शेवटी काढलेल्या चुका मात्र तशाच आहेत, तर ती प्रुफाची फाइल. ती कोणाकोणाला पाठवली होती ते आठवा. हस्तलिखित वाचायला दिलेले मित्र, परीक्षणासाठी मागणारे, प्रस्तावनाकार, चित्रकार अशी ही यादी प्रकाशकाला वाटते त्यापेक्षा लांब असते.

नंतर वाचक-सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि डी ही बटणं दाबून फाइलची माहिती उघडा. ती कोणत्या सॉफ्टवेअरने, कोणत्या तारखेला तयार झाली ते तिथे दिसतं. मोबाइल स्कॅनिंग ॲपचं नाव दिसलं तर छापखाना सुटला. तारीख तुम्ही छपाईला फाइल दिलीत त्या दिवसाची असेल तर आतल्या साखळीत शोधा. ही माहिती बदलता येते, त्यामुळे तिला एकटीला पुरावा मानू नका. पण फाइली पसरवणारे सहसा ती बदलायच्या भानगडीत पडत नाहीत.

पुढच्या पुस्तकासाठी एक काम कराच. बाहेर जाणारी प्रत्येक फाइल वेगळी ठेवा. परीक्षकाच्या प्रतीवर प्रत्येक पानाच्या तळाशी त्याचं नाव फिकट अक्षरात टाका आणि चित्रं ७२ ते १०० डीपीआयवर (इंचामागे ठिपके) उतरवा. वाचायला ती पुरतात, छापायला पुरत नाहीत. पूर्ण ३०० डीपीआयची फाइल फक्त छापखान्याला जावी, तीही व्हॉट्सॲपवरून नको, कारण तिथे ती चार जणांच्या फोनमध्ये आपोआप उतरते. ड्राइव्हवर ठरावीक ईमेललाच परवानगी द्या आणि छपाईच्या प्लेट निघाल्या की ती काढून घ्या. नाव टाकणं अवघडल्यासारखं वाटत असेल तर प्रत्येकाच्या प्रतीत एखाद्या ठरलेल्या पानावर एक स्वल्पविराम किंवा एक जागा वेगळी ठेवा आणि वहीत लिहून ठेवा. स्कॅन झालं, छापून पुन्हा स्कॅन झालं, तरी ही खूण टिकते.

पीडीएफला पासवर्ड लावून निर्धास्त राहू नका. उघडण्याचा पासवर्ड फाइलबरोबरच पुढे जातो. 'छपाई बंद, कॉपी बंद' ही परवानग्यांची कुलपं तर मिनिटभरात निघतात.

पीडीएफ फिरली तर उलट नाव होतं, पुस्तक पोचतं, असं आमच्या कवीमित्रांचं म्हणणं. लहान प्रकाशकाचं खरंच किती नुकसान होतं?
— वाचक, इंदिरानगर

फुकट उतरवलेली प्रत्येक प्रत ही बुडालेली विक्री नसते, हे आम्हालाही मान्य आहे. उतरवणाऱ्यांतले बरेच जण ते पुस्तक कधीच विकत घेणार नव्हते. पण लहान आवृत्तीचं गणित किती काठावर चालतं ते बघा.

समजा १६० पानांचं, म्हणजे सोळा पानांचा एक अशा दहा फर्म्यांचं पुस्तक, ५०० प्रती. डीटीपी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी मिळून खर्च ६०,००० रुपये. किंमत २५० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के घेतात, उरले १५०. लेखकाचं मानधन किमतीच्या १० टक्के, म्हणजे २५ रुपये. प्रकाशकाच्या हाती १२५. खर्च निघायला ४८० प्रती विकाव्या लागतात. त्यात ५० प्रती भेट आणि परीक्षणासाठी गेल्या तर विकायला उरतात ४५०. म्हणजे सगळ्या विकूनही खर्च निघत नाही. आता त्याच पुस्तकाच्या १०० प्रती प्रकाशकाने व्याख्यानमालेत, प्रदर्शनात किंवा फोनवर ऑर्डर घेऊन टपालखर्च वेगळा लावून थेट विकल्या, तर त्यांवर प्रत्येकी २२५, म्हणजे २२,५०० सुटतात. उरलेल्या ३७,५०० साठी दुकानांतून ३०० प्रती पुरतात. खर्च ४०० प्रतींत निघाला, नफा मागच्या ५० प्रतींत. पीडीएफमुळे यातल्या ५० गेल्या तरी पुढच्या पुस्तकाचे पैसे गेले. मोठ्या प्रकाशकाला ५० प्रती जाणवतही नाहीत. मार कुठे बसतो तो इथे.

तोटा सगळ्या पुस्तकांना सारखा नसतो. परीक्षेचं पुस्तक जाहिरात निघाल्यापासून परीक्षेपर्यंतच विकलं जातं. त्या काळात पीडीएफ आली तर आवृत्ती बसली. म्हणून पहिल्या प्रश्नातली धावपळ तिथे करायलाच हवी. कविता-कथांचं उलट आहे. तिथे पीडीएफ शोधली जाते कारण पुस्तक दुकानात नाही, प्रकाशकाचा फोन लागत नाही, ई-बुक निघालेलंच नाही. अशा पुस्तकाच्या चोरीमागे धावण्यात महिना घालवण्यापेक्षा तोच महिना ते उपलब्ध करण्यात घालवावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. छापील आवृत्तीच्या दिवशीच ई-बुक काढा, पहिली वीस पानं स्वतःच फुकट वाचायला ठेवा आणि त्या नमुन्याच्या शेवटच्या पानावर खरेदीचा क्यूआर कोड छापा. लोक नमुनाच पुढे ढकलतील. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलताना 'ऱ्या', 'ऱ्हा' आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून रूपांतरानंतर पुन्हा मुद्रितशोधन करावंच लागतं. तो खर्च धरून चला.

एका यूट्यूब चॅनलवर माझ्या कथेचं अभिवाचन आहे. खाली माझं नाव दिलंय, 'दृष्टिहीन श्रोत्यांसाठी' असंही लिहिलंय. यावर आक्षेप घेणं योग्य का?
— कथालेखिका, निफाड

नाव दिलं म्हणजे परवानगी घेतली असं होत नाही. कथा मोठ्याने वाचून सगळ्यांसाठी प्रसारित करण्याचा हक्क तुमचाच आहे. दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात साहित्य देण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आली आहे, पण ती अशा वाचकांपर्यंत विनानफा पोचवण्यासाठी आहे. कोणालाही उघडता येणाऱ्या, जाहिराती चालणाऱ्या चॅनलला ती लागू होत नाही. दृष्टिहीनांसाठी काम करणारी संस्था खरोखर मागत असेल तर जरूर द्या.

आधी चॅनलला पत्र लिहा. अभिवाचन करणाऱ्यांतले पुष्कळ जण प्रेमापोटी करतात आणि परवानगी, थोडं मानधन, वर्णनात पुस्तकाची लिंक यावर राजी होतात. तुम्हाला श्रोते मिळतात, त्यांना मन मोकळं ठेवून वाचता येतं. उत्तर आलं नाही तर यूट्यूबचा कॉपीराइट फॉर्म भरा. त्यात 'सात दिवसांनी काढा' असा पर्याय असतो. तो निवडला तर समोरच्याला स्वतःहून काढायला वेळ मिळतो आणि स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर कॉपीराइटभंगाचा ठपका, बसत नाही. थेट काढायला लावलं तर स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत तीन बसले की चॅनल जाऊ शकतं. समोरच्याने प्रतिदावा केला तर कामकाजाच्या १० दिवसांत तुम्हाला कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर व्हिडिओ परत येतो. म्हणून हक्क नक्की तुमच्याकडेच आहेत का, हे फॉर्म भरण्याआधी तपासा. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

करार बारा वर्षांपूर्वीचा, एका पानाचा. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढंच त्यात आहे. पुस्तक आता मिळत नाही. पीडीएफविरुद्ध तक्रार मी करू की प्रकाशकाने?
— कादंबरीकार, नाशिक रोड

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ बघा. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. दिलेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो हक्क परत येतो. तुमच्या करारात मुदत नसेल तर सात वर्षांपूर्वीच हक्क तुमच्याकडे आले. तक्रार तुम्ही करू शकता, ई-बुकही काढू शकता. मात्र त्या प्रकाशकाने करून घेतलेलं मुखपृष्ठ आणि पानांची सजावट वापरू नका, त्यांचे हक्क वेगळे. कराराची छायाप्रत वकिलाला दाखवून प्रकाशकाला एक साधं पत्र रजिस्टर्ड डाकेने पाठवा.

नोंदणी केली नसेल तर हक्क नाही, असं ऐकलं. खरं का?
— बालसाहित्यिक, ओझर

नाही. लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी परीक्षेची पुस्तकं आणि चांगली चालणारी बालपुस्तकं नोंदवून ठेवा, वादात ते पत्रक पहिला पुरावा म्हणून चालतं. साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन होतो. आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

पोलिसांत जायचं तर नाशिकमध्ये कुठे? आणि उपयोग होतो का?
— पुस्तकविक्रेते, महात्मा गांधी रोड

शहरातल्यांनी नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात, तालुक्यांतल्यांनी नाशिक ग्रामीणच्या सायबर ठाण्यात जावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. 'हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा' असं कोणी म्हटलं तर त्या निकालाची प्रत पुढे ठेवा. चॅनलवाल्याने लेखक-प्रकाशकाचं नाव असलेलं पान काढून स्वतःचा लोगो लावला असेल तर त्याच कायद्याच्या कलम ६५बी चाही उल्लेख करा. सोबत स्क्रीनशॉट, फाइल असलेला पेनड्राइव्ह, मालकीचे कागद आणि भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र न्या. त्यात हॅश लिहावा लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी काढायला सांगितला.

दिवाणी दाव्यासाठी दिल्ली-मुंबईला जायलाच हवं असं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे हक्कधारक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो, म्हणजे नाशिकमध्येच. ॲडमिन निनावी असतो ही अडचणही आता पूर्वीइतकी पक्की नाही. स्पर्धा परीक्षेच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला आणि कंपनीने नंतर नावं, फोन क्रमांक आणि आयपी पत्ते न्यायालयात सादर केले. पण वकिलाची फी आणि वेळ लक्षात घेता, एका कथासंग्रहासाठी आम्ही हा मार्ग सुचवणार नाही. तीन-चार प्रकाशकांची पुस्तकं एकाच चॅनलवर असतील, आणि असतातच, तर एकत्र जा.

गटात आलेली पीडीएफ मी फक्त मित्रांना पाठवली, पैसे घेतले नाहीत. तरी गुन्हा?
— विद्यार्थी, पंचवटी

पैसे न घेतल्याने शिक्षा कमी होऊ शकते, कृत्य कायदेशीर होत नाही. शंभर जणांच्या गटात टाकणं हा 'वैयक्तिक वापर' नाही. पुस्तक परवडत नसेल तर दोघा-तिघांत मिळून एक प्रत घ्या, किंवा अभ्यासिकेला ती ठेवायला सांगा. एक प्रत हातोहात फिरवण्यात काहीही गैर नाही.

आमच्या वाचनालयात जुनी, जीर्ण पुस्तकं आहेत. स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली तर?
— ग्रंथपाल, सिन्नर

स्कॅन करा, ठेवण्याआधी थांबा. विनानफा सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडे असलेल्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत करता येते. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या वाचनालयापुरत्या जास्तीत जास्त तीन प्रतीही काढता येतात. संकेतस्थळावर मोकळं करायचं तर मुदत संपलेली असावी लागते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी ती मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं असते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं त्या काळचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहेत, नाशिककर असलो तरी. भाषांतर असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक दोघांची वर्षं मोजा. अलीकडच्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना आणि चित्रंही वेगळी धरा.

गोदाघाटाचे माझे फोटो बॅनरवर, पोस्टवर नाव न देता वापरतात. काय करता येईल?
— छायाचित्रकार, रविवार कारंजा

स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा. कोणी पैसे देऊन काढून घेतला असेल तर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे आणि पुष्कळांना ठाऊक नसतं. काम घेतानाच दोन ओळी लिहून घ्या.

लोकांना मोठ्या आकाराची फाइल देऊ नका, लांब बाजू १२०० पिक्सेल पुरे, बॅनरला ती फुटते. फोटोच्या माहितीत नाव आणि संपर्क भरून ठेवा, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते. ग्राहकाला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. कच्ची रॉ फाइल कोणालाही देऊ नका. फोटो कोणाचा असा वाद झाला की ती ज्याच्याकडे असते त्याचं म्हणणं टिकतं.